तंबूतला साहेब

मुक्काम चिंचखेडे, तालुका धुळे
२० जून १९३१

चिरंजीव कौतिक यास आबाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, त्याची माफी पहिल्याच ओळीत मागून घेतो, म्हणजे पुढे रागवायला मी मोकळा. तुझं पत्र आणि त्यातला फोटो येऊन आज सव्वीस दिवस झाले. पेरणी होती हे एक कारण. चष्म्याची काडी तुटली, तिथे सुतळी बांधली आहे, हे दुसरं. पण खरं कारण असं, की फोटोत काय चाललं आहे ते मला कळेना, आणि कुणाला विचारावं तर गावभर होणार.

तुला मँचेस्टरला कापड विणायची विद्या शिकायला पाठवलं. फोटोत तू अर्ध्या चड्डीत उभा. पायात खिळ्यांचे बूट, हातात काठी, पाठीवर बैलावर टाकतात तशी गोणी. शेजारी दोन गोरे, तेही गोण्या लादलेले. मागे तंबू. तुझ्या आईने फोटो हातात घेतला आणि जी रडायला बसली ती दिवेलागणीपर्यंत.

"पोर्‍याना पाय पहा आबा, काड्या व्हई ग्यात!"

मला पायांचं काही नाही, पाय आपल्या घराण्यात सगळ्यांचे असेच. मला गोणीचं वाटलं. विलायतेला हमाल मिळत नाहीत का? आणि तंबू कशाला? घरमालकिणीने काढलं का तुला? आपल्याकडे गावाबाहेर पाल टाकून तोच राहतो ज्याला गावात कुणी जागा देत नाही. काही खाण्यापिण्याचं, सोवळ्याओवळ्याचं भांडण झालं असेल तर तूच माफी माग. परक्या मुलखात आपली चूक नसली तरी असते.

तू लिहितोस, दर शनिवारी दुपारी निघतो, डोंगर चढतो, रविवारी उतरतो. मी सप्तशृंगीचा गड तीनदा चढलो. एकदा तुझ्या बापाच्या जन्माचा नवस फेडायला. एकदा तो मानमोडीच्या तापात पडला तेव्हा. आणि एकदा तो गेल्यावर, देवीला विचारायला, की का म्हणून. कारण नसताना डोंगर चढलेला माणूस आपल्यात झाला नाही. तिकडच्या डोंगरावर कोणता देव आहे ते लिही. त्याला नारळ चालतो की कोंबडं, तेही विचारून घे. हात हलवत वर जात जाऊ नकोस.

आता मुद्द्याचं. मंगळवारी धुळ्याहून झुलालभाऊ आले. त्यांच्या प्रमिलाशी तुझी सोयरीक ठरलेली, तेव्हा त्यांना पाण्याआधी फोटो दाखवणं आलं. त्यांनी तो उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला.

"आबा, हाऊ तंबू कोना शे?"

"त्यानाच शे," मी म्हणालो. तू तसंच लिहिलं होतंस.

"त्याना सोताना?"

"सोताना."

झुलालभाऊ उठून उभेच राहिले. "मंग पोर्‍या साहेब व्हयना, आन् तुम्ही सांगतबी नहीत!"

मला खोकला आला. कौतिक, देवीची शपथ, मी हो म्हणालो नाही. मी नुसता खोकलो. बाकीचं सगळं झुलालभाऊंनी केलं. गाडीत बसेपर्यंत त्यांनी तुला प्रांत केलं होतं, आणि वेशीबाहेर पडेपर्यंत कलेक्टर.

त्यांचीही चूक नाही म्हणा. चाळीस वर्षं मी या गावची पाटीलकी केली. दरसाल दिवाळी झाली की प्रांतसाहेबाचा तंबू आमराईत पडतो. त्याला लाकूड, गवत, दूध, अंडी पोचवायची आणि कनातीबाहेर उन्हात उभं राहायचं. हाक आली की वाकायचं, नाही आली तर उभंच. चाळीस वर्षांत आतला गालिचा कोणत्या रंगाचा आहे ते मला ठाऊक नाही. आपल्या मुलखात स्वतःच्या तंबूत झोपणारा माणूस एकच.

तर तुला तशी जागा मिळाली असेल तर उलट टपालाने कळव. मिळाली नसेल तर इतकी घाई करू नकोस.

थंडीत कान बांधत जा.

तुझा आबा,
पुना पाटील


मँचेस्टर
२० जुलै १९३१

तीर्थरूप आबांच्या सेवेशी, कौतिकचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसलो, मग घाबरलो, मग पुन्हा हसलो. घरमालकिणीने मला काढलेलं नाही. उलट शनिवारी मी जातो म्हणून ती बिचारी खूश असते, कारण त्या दिवशी तिला माझ्यासाठी वेगळं शिजवावं लागत नाही.

आबा, इथे हे वेड आहे. शनिवारी दुपारी गिरण्यांचा भोंगा झाला की कारकून, विणकर, दुकानातल्या पोरी, सगळे पाठीला पिशव्या बांधून आगगाडीने डोंगराकडे सुटतात. फोटोतले दोघे माझे दोस्त. उंच तो टॉम, गिरणीतल्या साच्यांचा, म्हणजे मागांचा, फिटर. बुटका अल्बर्ट, त्याचा बाप आणि आजा दोघेही विणकर. यांच्यात साहेब कुणी नाही. गोरा म्हणजे साहेब हा समज मी बोटीतून उतरल्यावर आठ दिवसांत सोडला, तुम्हीही सोडा.

तंबू माझा आहे हे खरं. पण त्यात दोन माणसं आणि एक किटली मावते. आत जायचं तर गुडघ्यांवर रांगत जावं लागतं. पाऊस आला की बाहेरच्यापेक्षा आत जास्त पडतो. मागच्या खेपेला आम्ही झोपलो असताना एका मेंढीने आत तोंड घालून माझा पाव खाल्ला आणि टॉमची टोपी चाखून पाहिली. त्याच दिवशी दुपारी मी दलदलीत कमरेपर्यंत रुतलो. टॉमने काठी देऊन बाहेर ओढलं, पण एक बूट आत राहिला. पुढचे आठ मैल एका बुटाने चाललो. असे हे आमचे दौरे.

देवाचं विचारलंत. वर देव नाही. दगडांची एक रास असते, येणारा प्रत्येक जण तिच्यावर एक दगड ठेवतो. मीही ठेवतो. नारळ नाही, कोंबडं नाही, वारा मात्र भरपूर. का चढतोस म्हणाल, तर सहा दिवस साच्यांचा खडखडाट डोक्यात असतो. वर गेलं की तो बंद पडतो. एवढंच कारण. आपल्या घराण्यात पहिल्यांदाच म्हणून नोंदवून ठेवा.

झुलालभाऊंना मात्र स्वच्छ सांगा. मी साहेब नाही, होणारही नाही. परत येऊन हातमागवाल्यांना दोन नव्या गोष्टी शिकवेन, बस. खोट्यावर उभं राहिलेलं लग्न मला नको. माणसाने खरं सांगायला घाबरू नये आबा, मग समोर सासरा असो की सरकार. आणि कृपा करून खोकू नका.

प्रमिलेला मी एकदाच पाहिलं आहे, तेही पोह्यांच्या ताटलीआडून. ती अजून वाचते का? तिला चालायला आवडतं का? विचारता आलं तर विचारा.

आईला सांगा, तिने दिलेलं सोनगीरचं पितळी पातेलं दर शनिवारी माझ्या पाठीवर असतं. त्यात भात, चहा, दाढीचं पाणी, सगळं होतं.

तुमचा,
कौतिक


चिंचखेडे
२५ ऑगस्ट १९३१

चिरंजीव कौतिक यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी ते तीनदा वाचलं आणि पागोट्यात ठेवलं. पण पोस्टमन विलायतेचा शिक्का सगळ्यांना दाखवत आला होता, त्यामुळे जवरीलालशेठच्या दुकानाच्या ओट्यावर वाचणं भाग पडलं. तीस-चाळीस माणसं होती. मी एक शब्द खोटा वाचला नाही. काही गिळले, आणि काही ठिकाणी श्वास घेतला, इतकंच.

"त्याच्या तंबूत जायचं तर गुडघ्यांवर रांगत जावं लागतं," असं वाचलं तेव्हा ओट्यावर कुणी खाकरलंसुद्धा नाही. इथला प्रांत नुसता वाकायला लावतो. दगडांच्या राशीचं वाचल्यावर तलाठी म्हणाला, हद्दीचे दगड, मोजणी चालू दिसते. मी गप्प. दोन गोरे बरोबर असतात हे वाचलं, त्यांनी ते शिपाई ठरवले. मी गप्प. दलदलीचं वाचलं तर पाटबंधाऱ्याची पाहणी निघाली. बुटाचं मी वाचलंच नाही. साहेबाला दोन बूट असतात.

तेव्हापासून जवरीलालशेठ मला शेंगांच्या पोत्यावर बसू देत नाही. आतून खुर्ची काढतो, धोतराच्या सोग्याने पुसतो आणि म्हणतो, "विराजो, आबासाहेब." खुर्चीचा एक पाय आखूड आहे, बसलं की डुगडुगते. पण खुर्ची ती खुर्ची.

वाईट इतकंच की आता अर्ज येतात. अकरा झाले. कुणाला बांध मोजून हवा, कुणाला पोलीस शिपायाची बदली. मी सगळे तुझ्या बापाच्या पेटीत ठेवतो आणि सांगतो, विलायतेला गेले. परवा भिलाटीतली भिकुबाई आली. जंगलच्या शिपायाने तिची मोळी घेतली, कोयता घेतला आणि तिला दिवसभर नाक्यावर बसवून ठेवलं. डोंगरात शिरलीस तर पुन्हा धरीन म्हणाला.

"जंगल देवनं शे, मोळी मनी शे, मंग हाऊ शिपाई कोना शे?" तिने मला विचारलं. "तुना नातूले इचार आबा. त्याना हातमा बठ्ठा डोंगर शेतस म्हने."

मी तिचा अंगठा घेतला आणि अर्ज पेटीत ठेवला. इतर अर्जांचं काही वाटलं नाही. हा ठेवताना झाकण दोनदा लावलं, तरी लागेना.

आता खरी काळजी. परवाच्या रविवारी कानबाईच्या सणाला धुळ्याला झुलालभाऊंकडे गेलो होतो. झुलालभाऊंनी पेठेत अर्ध्या लोकांना तुझा हुद्दा सांगितला आहे, उरलेल्या अर्ध्यांना मी असताना सांगितला. प्रसादाचा रोट खाऊन ओसरीत टेकलो तर प्रमिला पाणी घेऊन आली. तू विचारलंस म्हणून सांगतो, ती वाचते. सातवीची फायनल पास झाली आहे आणि सूत कातते. चालते किती ते माहीत नाही, बोलायला मात्र कुणाच्या मागे नाही.

"आबा, ते खरंच तंबूतले साहेब झाले?"

मला खोकला आला.

"खोकला थांबेपर्यंत मी उभी आहे," ती म्हणाली, आणि खरंच उभी राहिली. किती वेळ खोकणार माणूस?

मग म्हणाली, "गेल्या साली माझा भाऊ जंगलात गवत कापायला गेला होता, सत्याग्रहात. त्याचा निकाल तंबूतच झाला. सगळ्या पोरांना आंब्याखाली उभं केलं होतं. साहेबाने आतूनच सांगितलं, चार महिने. बाहेर येऊन तोंडंसुद्धा पाहिली नाहीत. मी तंबूतल्या माणसाच्या गळ्यात माळ घालणार नाही. तुम्ही माझ्या वडिलांना सांगा, नाहीतर दिवाळीला मी सांगेन."

आता बघ माझी दशा. साहेब आहे म्हटलं तर पोरगी मोडते. नाही म्हटलं तर बाप मोडतो. एवढी चांगली सोयरीक, तुझ्या बापामागे मी एकट्याने जमवलेली, एका खोकल्याने चालली. काल दिवसभर विचार करून मला एक वाट सुचली. तंबू नसलेला साहेब होता येतं का? तिकडे चौकशी करून बघ.

तुझी आई म्हणते, पातेल्यात दाढीचं पाणी तापवू नकोस.

तुझा आबा,
पुना


मँचेस्टर
२८ सप्टेंबर १९३१

ती. आबांस नमस्कार.

हे पत्र एकट्याने वाचा.

मागच्या आठवड्यात मी धरला गेलो. घाबरू नका, आता सुटलो आहे. झालं ते असं. इथे शहरापासून जवळच एक मोठं माळरान आहे, डोंगरावर पसरलेलं, मैलच्या मैल गवत आणि जांभळी फुलं. ते एका सरदाराचं आहे. तो तिथे राहत नाही. त्याने तिथे रानपक्षी पाळले आहेत, आणि वर्षातून दहाबारा दिवस तो मित्रांना घेऊन येतो आणि ते मारतो. बाकी साडेअकरा महिने तिथे कुणी पाय ठेवायचा नाही, का तर पक्षी बिचकतात. टॉम आणि त्याचे सोबती म्हणाले, आपण सगळे मिळून चालत जाऊ, बघू कोण अडवतं. चाळीसेक जण होतो. मीही गेलो.

वर पोचायच्या आत रखवालदार आले, जाड काठ्या घेऊन. आरडाओरडा झाला, दोघातिघांना मार बसला, आणि सगळे पळाले. मीही पळालो असतो. पण पातेलं पिशवीतून निसटलं आणि उतारावरून खणखणत खाली गेलं. ते तिथे सोडवेना. ते घ्यायला वळलो आणि सापडलो. रविवारच्या दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत कोठडीत होतो. मग मॅजिस्ट्रेटने विचारलं, तुझ्या देशात डोंगर नाहीत का? मी म्हणालो, आहेत, तिथेही शिपाई आहेत. दुभाष्या नव्हता म्हणून की काय, त्याला राग आला. ताकीद देऊन सोडलं. तंबू त्यांनी पुरावा म्हणून ठेवून घेतला. पातेलं परत दिलं, त्याला पोचा पडला आहे.

आबा, शिष्यवृत्ती देणाऱ्यांना हे कळलं तर माझं शिक्षण संपलं. झुलालभाऊंना कळलं तर सगळंच संपलं. तेव्हा माझं एक ऐका. तुमचं ते साहेबाचं चाललं आहे, ते सध्या तसंच चालू द्या. कुणी विचारलंच तर खोका. मी परत आल्यावर काय ते निस्तरू. हे पत्र कुणालाही वाचून दाखवू नका.

तुमचा,
कौतिक


चिंचखेडे
२२ नोव्हेंबर १९३१

चिरंजीव कौतिक यास आबाचे आशीर्वाद.

पुन्हा उशीर झाला. तुझं पत्र मिळून महिना झाला. पण या खेपेला चष्म्याचं नाव घेत नाही. तुला जे सांगायचं ते आधी करून बघायचं होतं, मग लिहायचं होतं. आता केलं आहे. रागव, पण शेवटपर्यंत वाचून रागव.

पत्र वाचून दोन रात्री तुझ्या आईला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पातेलं टाकं नही ना त्यानी?" आणि स्वैपाकाला लागली.

दिवाळीच्या पाडव्याला झुलालभाऊंचा निरोप आला, की तिथी धरायची, या. मी तुझी दोन्ही पत्रं खिशात घातली आणि खोकायची सगळी तयारी करून निघालो. लवंग, खडीसाखर, मोठा रुमाल. वेशीशी गाडीची वाट बघत होतो तर भिकुबाई भेटली. तिच्या डोक्यावर मोळी नव्हती, हातात कोयता नव्हता.

"आबा, विलायतथून उत्तर उनं का?"

मी रुमाल काढला. तोंडाशी नेला. आणि कौतिक, खोकला येईना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हवा तेव्हा आला नाही.

मी म्हणालो, "भिकुबाई, मना नातू साहेब नही शे. तो बी डोंगरमा चालना म्हनीसन त्याले धरं. शिपाईसनी एक दिन कोंडी ठेवं."

मला वाटलं शिव्या देईल. तेवढा तिचा हक्क होता. तिने विचारलं, "मंग त्याना अर्ज कोन लिखी आबा?"

तेवढ्यात गाडी आली, बसलो.

धुळ्याला झुलालभाऊंच्या ओसरीत पाचसहा पाहुणे होते, भटजी पंचांग उघडून बसले होते, फराळाच्या ताटल्या आल्या होत्या. मी म्हणालो, तिथी मागाहून, आधी कौतिकची पत्रं वाचतो. झुलालभाऊ खूश. पाहुण्यांना म्हणाले, ऐका, ऐका, सरकारी कामाचं आहे. मी जुलैचं वाचलं, मग सप्टेंबरचं वाचलं. शब्दाला शब्द. कुठे श्वास घेतला नाही. मेंढी वाचली, बूट वाचला, कोठडी वाचली.

कोठडीवर आलो तेव्हा भटजींनी पंचांग मिटलं. पाहुण्यांपैकी एकाने हातातली करंजी हळूच परत ताटलीत ठेवली, जशी काही तीही चोरीची होती.

"चोरशी सोयरीक!" झुलालभाऊ ओरडले. "बठ्ठा धुळाले सांगी बसनू मी! आते काय तोंड दखाडू?"

"तुम्हाला कुणी सांगायला सांगितलं होतं, दादा?" आतून आवाज आला. प्रमिला दारात येऊन उभी होती.

"या आबांनी सांगितलं!"

"नाही," मी म्हणालो. "मी खोकलो होतो."

पाहुण्यांसमोर पोरगी खळखळून हसली. मग मला विचारलं, "बाकी सगळे पळाले, आणि हे पातेल्यासाठी थांबले?"

"हो."

"मग साहेब नाहीत हे नक्की," ती म्हणाली. "साहेब पातेलं शिपायाला आणायला लावतो." झुलालभाऊंना म्हणाली, "दादा, माझा भाऊ चार महिने तुरुंगात होता, तेव्हा तुम्ही कोणतं तोंड दाखवत होतात? तेच दाखवा."

झुलालभाऊंनी त्यावर एक बेसनाचा लाडू अख्खा तोंडात घातला. उत्तर टाळायला खोकल्यापेक्षा हा उपाय चांगला आहे, मला आधी सुचला नाही.

मी मनात म्हटलं, जमलं. पण जमलं नाही. ती म्हणाली, "आबा, दुसऱ्या पत्राची शेवटची ओळ पुन्हा वाचा."

मी वाचली. हे पत्र कुणालाही वाचून दाखवू नका.

तिचं हसू गेलं. "पहिल्या पत्रात लिहितात, सासरा असो की सरकार, खरं सांगायला घाबरू नये. दुसऱ्यात लिहितात, खोका. माझा भाऊ सुटून आला तेव्हा आम्ही त्याला दारात ओवाळलं होतं. कोठडीचं मला काही वाटत नाही, या ओळीचं वाटतं. शिष्यवृत्तीचं मी समजू शकते. पण बाकी कुणापासून लपवायचं होतं? माझ्यापासून? त्यांनी ते स्वतःच्या हाताने मला लिहावं. पत्र आलं की मी हो की नाही ते सांगेन. तुम्ही आणलेलं उत्तर मला नको, तुम्ही ओट्यावर वाचताना मधे श्वास घेता असं ऐकलं आहे."

झुलालभाऊंनी लाडू गिळून मुदत घातली आहे. संक्रांतीपर्यंत. त्यांच्या डोक्यात दुसरं स्थळ तयार आहे, मामलेदार कचेरीतला एक कारकून. तो तंबूत राहत नाही, पण साहेबाचे तंबू कुठे पडायचे याचं टिपण तोच करतो. झुलालभाऊंना तेवढीही जवळीक पुरते.

गावात परत आलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. जवरीलालशेठने खुर्ची आत नेली. "पाय दुरुस्त करना है," म्हणाला. इतके दिवस डुगडुगत होती तेव्हा त्याला दिसला नव्हता. शेंगांचं पोतंही कुणीतरी विकत घेऊन गेलं, आता पायरीवर बसतो. अर्जवाले अर्ज परत घेऊन गेले. दोघांनी जाताना चुना मागितला, तेवढाच संबंध राहिला. भिकुबाई आली नाही, म्हणून तिचा अर्ज पेटीतच होता.

गुरुवारी प्रांतसाहेबाचा तंबू आमराईत पडला. आता पाटीलकी माझ्याकडे नाही, तरी सवयीने दुधाचा तांब्या घेऊन गेलो आणि कनातीबाहेर उभा राहिलो. अर्धा तास झाला. तांब्यावर माश्या बसू लागल्या. मग मला तुझा तंबू आठवला, रांगत जायचा, मेंढी आत तोंड घालते तो. मी कनात बाजूला केली आणि आत गेलो. चपराशी "अहो, अहो" करत मागे.

गालिचा नव्हता, कौतिक. सतरंजी होती, निळी, एका कोपऱ्याला जळालेली. साहेब आपलाच माणूस, देशावरचा, तिशीतला, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडून बसला होता. मी भिकुबाईचा अर्ज त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, शाईच्या दौतीखाली ठेवला आणि म्हणाला, "बघू."

बघणार नाही, हे मला कळतं. मी चाळीस वर्षं पाटील होतो, किती 'बघू' मी स्वतः बाहेर येऊन लोकांना सांगितले आहेत. पण जो तंबू तुझ्या सोयरिकीवर एवढा जड बसला, त्यात एक सतरंजी आणि एक घमेलं होतं. भिकुबाईला जाऊन सांगितलं, अर्ज साहेबाच्या हातात दिला, पुढचं माहीत नाही. तिने मला चहा दिला. तिच्या दारात मी पहिल्यांदाच बसलो.

आता ऐक. पत्राला जायला वीस दिवस, यायला वीस. संक्रांतीला त्रेपन्न दिवस आहेत. म्हणजे तुला विचार करायला तेरा मिळतात. त्यात दोन शनिवार-रविवार येतील. त्या चार दिवसांत डोंगरावर जाऊ नकोस. तंबूही नाही, तेव्हा घरीच बस आणि लिही. मला नव्हे, तिला. पत्ता मागे लिहिला आहे. लाज वाटली असेल तर वाटली म्हण, घाबरला असशील तर घाबरलो म्हण. शहाणपणा करू नकोस, तो तुझ्या पहिल्या पत्रात पुष्कळ झाला, आणि तिला तो तोंडपाठ आहे.

पोस्टमन आता शिक्का कुणाला दाखवत नाही, सरळ दारात येतो. मी रोज दारात असतो. लिहिलंस एवढं एका ओळीने मलाही कळव, बाबा, आणि लवकर कळव. या थंडीत खरा खोकला झाला आहे.

तुझा आबा,
पुना